घासलेली साखळी

१

लक्ष्मीकांत हरदास रोज सकाळी सहाला बोटीच्या नाकाशी उभा राहून तीन खुणा बघायचा. पलीकडच्या गावाची पाण्याची टाकी, विजेचा मनोरा आणि धरणाच्या भिंतीवरची चौकीदाराची खोली. तिन्ही कालच्या जागी दिसल्या की बोट नांगरावर पक्की आहे, सरकलेली नाही, असं ठरायचं. मग तो तळातलं पाणी पंपाने उपसायचा, बॅटरीचा आकडा बघायचा, वारा कुठून आहे ते वहीत लिहायचा आणि काठावरच्या माणसांना मनातल्या मनात नावं ठेवायचा. हे शेवटचं काम वहीत नसायचं, पण एक दिवस चुकलं नाही.

छत्तीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर होता, त्यातली शेवटची नऊ चीफ इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर शिडाची छोटी बोट घ्यायची, बायकोला घेऊन अंदमान गाठायचं, तिथून पुढे बेटाबेटांवर नांगर टाकत हिंडायचं असा त्याचा बेत. बोट घेतली आणि त्याच वर्षी हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, समुद्र विसरा, दवाखान्यापासून तासाभराच्या आत राहा. दुसऱ्या कुणी बोट विकली असती. लक्ष्मीकांतने ती ट्रेलरवर चढवली, थेट बुलढाणा जिल्ह्यात आणली आणि डोणगावच्या अलीकडच्या एका धरणात सोडली. लोकांना काय वाटेल हा प्रश्न त्याला पडला नाही. ज्यांनी विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही, त्यांना काय वाटणार?

तसा तोही इथलाच. खामगावात जन्मला, बाप जिनिंगमध्ये कारकून. पण अठराव्या वर्षी बाहेर पडला तो वऱ्हाडी बोली मागे ठेवूनच. आता कुणी 'काऊन साहेब' म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठी यायची.

सव्वीस फुटांच्या त्या बोटीत त्याच्यासोबत बायको होती, सुलभा. खामगावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून, नवरा जहाजावर असताना मुलगी एकटीने वाढवून ती मोकळी झाली होती. गेले पाच महिने ती या डुलत्या खोलीत स्वयंपाक करत होती. बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरणारी तीन पायऱ्यांची शिडी होती. तिच्या वरच्या पायरीवर बसून ती भांडी घासायची. कॅनमधलं प्यायचं पाणी भांड्यांना वापरायचं नाही, हा लक्ष्मीकांतचा नियम होता.

मे महिना लागला. धरणाचं पाणी रोज वीत-वीत मागे जाऊ लागलं, म्हणून दर दहा दिवसांनी नांगर उचलून बोट खोल पाण्याकडे न्यावी लागे. काम घाणेरडं. तळाचा काळा गाळ साखळीला लोण्यासारखा चिकटून यायचा आणि वीस-वीस बादल्या ओतल्याशिवाय निघायचा नाही.

त्या दिवशी त्याने जुने कपडे घातले, बादली जवळ ठेवली आणि साखळी ओढायला घेतली. साखळी वर आली. तिला गाळ नव्हता. एक कडी नाही की तिच्या सांध्यात काळं आहे. दर पाच मीटरवर त्याने तांबडा रंग लावला होता, तोही नव्हता. शेवटी नांगर पाण्याबाहेर आला आणि त्याच्या रुंद पात्यात लक्ष्मीकांतला स्वतःचं तोंड दिसलं.

२

कारण असणारच होतं. आयुष्यभर इंजिनं उघडून बसलेला माणूस, त्याला कारणाशिवाय काही घडतं हे मान्य नव्हतं. तळाला वाळू असेल. वाऱ्याने बोट फिरते तशी साखळी वाळूवर घासत राहते, गाळ निघतो, रंगही निघतो. त्याने वहीत तसं लिहिलं. पण नांगराच्या दांड्याला, बिजागरीच्या आतल्या खाचेला, जिथे बोटही नीट जात नाही तिथे वाळू कशी पोचली, ते लिहिलं नाही.

अकराच्या सुमाराला इंद्रभान आला. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर तो नि त्याची बायको कौशल्याबाई काकडी, वांगी, टरबूज लावायचे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, फळीच्या तुकड्याने वल्हवत तो एक दिवसाआड भाजी घेऊन यायचा.

"काय रे, तू माझ्या साखळीला हात लावलास?" लक्ष्मीकांतने वरूनच विचारलं.

"मी? काऊन लावू साहेब? लंगर तुमचा, मले काय करायचं त्याचं?"

"लंगर नाही. नांगर म्हणतात त्याला."

"नांगर तर आमच्या घरी हाय साहेब, बैलाचा." इंद्रभान दात दाखवून हसला. मग चकचकीत पात्याकडे नजर गेली तशी त्याने मान लांब केली. "आयला! हे तर ताटावानी घासलं कोनं तरी."

"इथल्या तळाला वाळू आहे का?"

"वाळू? पिढीजात रान होतं साहेब आमचं हे. काळी माती. नुसती काळी."

"तुला काय कळतंय त्यातलं," लक्ष्मीकांत म्हणाला.

इंद्रभानने वाद घातला नाही. दोन काकड्या जास्तीच्या टाकल्या नि जाता जाता म्हणाला, "बरं हाय न मंग. फुकटात घासून भेटून राह्यलं तुमाले."

सुलभाला हसू आलं. लक्ष्मीकांतने तिच्याकडे पाहिलं तसं तिने ते आवरलं आणि काकड्या घेऊन आत गेली.

३

आवाज पहिल्यांदा आला तो भर दुपारी. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन, वारा पडलेला, पाणी तव्यासारखं पसरलेलं. अशा वेळी बोटीत आडवं पडण्याखेरीज काही करता येत नसे. लक्ष्मीकांत आतल्या बाकावर उताणा पडला होता. त्याच्या उशीखाली फळी, फळीखाली बोटीचं अंग आणि त्याच्यापलीकडे पाणी.

खस्स. खस्स. खस्स. मग जरा थांबून, भांडं हातात फिरवल्यासारखा एक हलका टणत्कार. पुन्हा खस्स, खस्स.

सुलभा पाठीमागे बसून भांडी घासत असेल म्हणून त्याने कूस बदलली. समोरच्या बाकावर सुलभा झोपली होती. पदर तोंडावर, हात पोटावर.

तो उठून बसला. आवाज पुढून, साखळीच्या अंगाने येत होता. त्याने फळी उचलून तळाला कान लावला. लय सारखी होती, घाई नाही, आळस नाही. मासे बोटीच्या बुडाचं शेवाळ खातात, त्याचा आवाज येतो, हे त्याला माहीत होतं. मासे घासता घासता थांबून भांडं फिरवतात, हे मात्र त्याने ऐकलं नव्हतं.

अर्ध्या तासाने आवाज हलला. बोटीच्या पोटाखालून सावकाश मागे गेला आणि शिडीपाशी थांबला.

लक्ष्मीकांत बाहेर गेला नाही. ऊन फार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

चार वाजता सुलभा उठली. सकाळी दूध लागून करपलेलं पातेलं तिने दोरीने शिडीला बांधून पाण्यात भिजत सोडलं होतं. ते तिने वर काढलं आणि ती बघतच राहिली.

"अहो, हे तुम्ही घासलंत?"

"मी? मला कामं नाहीत का?"

पातेलं आतून-बाहेरून लखलखत होतं. लक्ष्मीकांतने ते हातात घेऊन उलटं केलं. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं ते पातेलं, काठाखाली 'चि. सौ. कां. सुलभा हिस, भगवंतराव' असं कोरलेलं. अडतीस वर्षं घासूनही ती अक्षरं बुजली नव्हती. आता तिथे गुळगुळीत स्टील होतं.

"नाव गेलं," तो म्हणाला.

"कसलं नाव?"

"तुझ्या वडिलांचं. भगवंतराव."

सुलभाने क्षणभर आठवून पाहिल्यासारखं केलं. "होतं का काही?" ती म्हणाली आणि पातेल्यात चहाचं पाणी घालून आत गेली.

बायकांचं लक्षच नसतं कशात, असं त्याला वाटलं. असं वाटलं की बरं वाटायचं.

४

दुसऱ्या दिवसापासून सुलभाचा भांडी घासायचा वेळ वाढला. दहा मिनिटांचं काम, ती तासभर शिडीवर बसू लागली. दुपारी तो आडवा झाला की ती हळूच उठून मागे जायची. आवाज यायचाच, आता फक्त मागून. लक्ष्मीकांतला तो सोयीचा वाटला. बायको भांडी घासते आहे आणि आपण ऐकतो आहोत, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त मधूनमधून तिचं हलक्या आवाजातलं बोलणं यायचं, शेजारणीशी बोलावं तसं.

"कुणाशी बोलतेस?"

"कुठे काय. आपलं सहज."

त्याने तिला चार वाक्यं सुनावली. उन्हात बसून डोकं फिरेल, मग इथल्या कुठल्या तरी मांत्रिकाकडे नेतील तुझ्या या मैत्रिणी. मैत्रिणी म्हणजे कौशल्याबाई. सुलभाने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पूर्वी असायचा, दाबलेला का होईना. ही नवीनच शांतता होती.

रविवारी नाशिकहून हिमानीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. लक्ष्मीकांतने बोलून फोन सुलभाकडे दिला.

"नमस्कार," सुलभा म्हणाली. "कशा आहात तुम्ही? जेवण झालं का?"

पलीकडून हिमानीचं हसू ऐकू आलं. "आई, तुम्ही-तुम्ही काय लावलंयस?"

"नाही, बरं असतं विचारलेलं. घरी सगळे ठीक ना तुमच्या?"

हिमानी हसायची थांबली. लक्ष्मीकांतने फोन काढून घेतला, "तुझी आई चेष्टा करतेय, रेंज जातेय इथे," असं सांगून बंद केला. मग त्याची नजर सुलभाच्या हातावर गेली. डाव्या मनगटावर लहानपणी जत्रेत गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते. शेजारी कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग, तो हिमानीच्या बाराव्या वाढदिवसाचा. दोन्ही नव्हते. मनगट लहान मुलीचं असावं तसं होतं. त्याने तळहात उलटा केला. रेषा पुसट झाल्या होत्या, पावसाने वाटेवरची चाकोरी जावी तशा.

"हे कधीपासून?"

"स्वच्छ झालंय ना?" सुलभा म्हणाली.

सोमवारी इंद्रभानच्या तराफ्यावर कौशल्याबाईही आली. ती कधी पाण्यात यायची नाही. दोन्ही हातांनी बोटीची कड धरून तिने लक्ष्मीकांतला खालच्या आवाजात सांगितलं, "साहेब, बाईले घरी न्या. काल काठावर आल्या होत्या न, त्यायनं मले तीनदा नाव इचारलं. चार महिन्यांपासून माह्या हातची भाकर खाऊन राह्यल्या त्या."

"वयोमानाने होतं."

"वय माह्यंबी हाय साहेब. मले भेव वाटून राह्यलं."

"तुम्हाला सगळ्याचंच भेव वाटतं," तो म्हणाला. 'भेव' या शब्दावर त्याने असा काही जोर दिला की कौशल्याबाईने हात सोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला न. चाला घरी."

खरं म्हणजे त्यालाही निघायचं होतं. खामगावचं घर झाडून तयार होतं. पण पाच महिन्यांत बोट सोडून पळाला, हे काठावर चहाच्या टपरीपाशी बोललं जाईल, आणि ते कोणत्या बोलीत बोललं जाईल, याची त्याला आधीच चीड आली. आठवडाभराने जाऊ, आपल्या सवडीने, असं त्याने ठरवलं.

५

मंगळवारी दुपारी दोनला घासण्याचा आवाज आला, पण तो भांड्यांचा नव्हता. धातूची किणकिण त्यात नव्हती. नुसतं मऊ, ओलं, सावकाश घासणं.

लक्ष्मीकांत पाय न वाजवता मागे गेला. घासलेली भांडी सगळी कडेला पालथी होती, उन्हात डोळे दिपतील अशी. शेजारी सुलभाच्या बांगड्या, चष्मा, मंगळसूत्र, तेही तितकंच लखलखीत. सुलभा सगळ्यात खालच्या पायरीवर, कमरेपर्यंत पाण्यात बसली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत बुडवून पुढे धरला होता. चेहरा शांत, डोळे मिटलेले, तेल लावून घेताना मिटतात तसे.

धरणाचं पाणी एरवी चहासारखं गढूळ. शिडीभोवती मात्र विहिरीएवढा गोल आरपार दिसत होता, तळापर्यंत. त्याने तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं.

सुलभाच्या हाताला आणखी एक हात लागलेला होता. तो तिचं मनगट धरून घासत होता, पोराचा हात धुवावा तसा, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांनी. त्या हाताच्या मागे खाली, खूप खाली, गुडघे रुंद करून बसलेल्या कुणाची तरी वाकलेली पाठ होती. एवढ्या खोलवर बसून हात वरपर्यंत पोचत कसा होता, ते त्याच्या डोळ्यांना जुळवता येईना. आणि त्या पाठीपलीकडे गाळावर रांगच्या रांग पालथं घातलेलं काही. सगळं स्वच्छ. भांडी नव्हेत एवढं त्याला कळलं. पुढचं कळायच्या आत त्याने नजर काढली.

घासणं थांबलं.

तो दुसरा हात सुलभाला सोडून मोकळा झाला आणि वळला, लक्ष्मीकांतच्या बाजूला, तळवा वर करून. पाठ तशीच वाकलेली. मान फिरली नाही. पुढचं भांडं द्या म्हणून बाई न बघता हात मागे करते, तसा तो थांबला. तळव्यावर एकही रेष नव्हती.

"सोड!" लक्ष्मीकांत ओरडला. "सोड तिले! सोड म्हनतो न तुले!"

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची ती बोली कुठून आली, ते त्याला त्या वेळी सुचलं नाही. त्याने सुलभाला काखेत धरून वर ओढलं. ती जड नव्हती, विरोधही करत नव्हती. तिला आत लोटून तो पुढे धावला. साखळीचं शेवटचं टोक बोटीला नेहमी दोरीने बांधलेलं असतं, वेळ आली तर कापता यावं म्हणून. त्याने सुरी मारली. तीस मीटर लोखंड सुटलं की गडगडत, ठिणग्या उडवत जातं. ही साखळी आवाज न करता गेली. एक कडी, मग दुसरी, मग तिसरी. खाली कुणी हातात घेत होतं, एक बघून झाली की पुढची.

ती संपायची वाट त्याने पाहिली नाही. इंजिन चालू केलं आणि बोट सरळ काठाच्या गाळात घातली.

६

इंद्रभानने त्यांना गुडघाभर चिखलातून बाहेर काढलं. सुलभाला कौशल्याबाईने आपलं कोरडं लुगडं नेसवलं, दोघांना भाकर खायला लावली. कुणी काही विचारलं नाही. लक्ष्मीकांतला वाटलं, त्यांनी विचारायला हवं होतं, म्हणजे त्यांच्यावर चिडता आलं असतं.

खामगावला त्याची भाची अनुपमा डॉक्टर होती. तिने रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. स्कॅनमध्ये काही नव्हतं. "मामा, मामीची कातडी चार वर्षांच्या पोरीसारखी आहे," ती म्हणाली, आणि सुलभाच्या बोटांची टोकं पुन्हा भिंगाखाली धरून ठसे शोधत राहिली. हिमानी गुरुवारी यायची होती.

बुधवारी दुपारी लक्ष्मीकांत पुढच्या खोलीत बसला होता. त्याने दाराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात ठेवली होती. सुलभा आतून आली. केस नीट विंचरलेले, हातात कापडी पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसली, परक्या घरी बसतात तशी.

"तुम्ही फार केलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. "आता निघते मी. डोणगावची गाडी असेल ना?"

"सुलभा, हेच तुझं घर आहे."

तिने मान हलवली, त्याचं मन राखायला.

"मी कोण आहे ते सांग," लक्ष्मीकांत म्हणाला. "एकदा सांग, सुलभा. मग जा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळ, भुवया, ओठांच्या कडा, मानेच्या सुरकुत्या, सगळं निरखून. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू कीव आली. अडतीस वर्षांत त्याने तिच्याकडून खूप काही पाहिलं होतं, कीव कधी नव्हती.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती साचलंय हो तुमच्यावर."

तिने खुर्ची जवळ ओढली. त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि अंगठा त्याच्या मनगटावर टेकवला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "दुखत नाही."